अमेरिकेतल्या बास्केटबॉल प्रेप स्कूलची ऑफर आलीय? आधी नववीचं मार्क्स कार्ड शोधा

परवा परत एक फोन आला, निपाणीहून, ओळखीच्या ओळखीनं. पोरगा सहा फूट चार इंच, पीयू सेकंड इयरला म्हणजे बारावीला, इन्स्टावर अमेरिकेतल्या कुठल्यातरी प्रेप स्कूलच्या, म्हणजे कॉलेजसाठी पोरं तयार करणाऱ्या शाळेच्या, कोचचा मेसेज आलाय, फुल स्कॉलरशिप देतो म्हणतोय, एक वर्ष आमच्याकडं खेळ आणि मग तुला एनसीएए डिव्हिजन वनच्या कॉलेजात पाठवतो. वडील विचारत होते, खरं असेल का ओ हे? आता हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला पाच-सहा जणांनी विचारला असेल, बेळगावातून, खानापुरातून, एकदा तर गोकाकहून. मी काही कोच नव्हे, बँकेत कारकुनी करतो, पण माझ्या भाच्याला असाच मेसेज आला तेव्हा आक्का आणि दाजींनी सगळे कागद माझ्या टेबलावर आणून टाकले, तू इंग्रजी वाचतोस बघ म्हणून, आणि मग मी तीन महिने रात्री बसून तेच वाचत होतो. तर एकदाच लिहून ठेवतो, पुढच्या वेळेला फोनवर घसा कोरडा करायला नको.

पहिल्यांदाच एक सांगतो. तुम्ही सगळे विचारता कोच कसा आहे, टीम कुठल्या लेव्हलची आहे, युट्यूबवर मॅच दिसतात का. ते सगळं बघा, ना नाही. पण पोरगं अडकतं ते खेळात नाही, पेपरात अडकतं. आणि तो पेपर अमेरिकेत नसतो, तो तुमच्या शाळेच्या ऑफिसातल्या कपाटात असतो.

घड्याळ नववीला चालू होतंय

एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मोठी संघटना, तिच्या तीन डिव्हिजन. वन आणि टू मधे खेळाची स्कॉलरशिप मिळते, थ्री मधे खेळासाठी म्हणून पैसे देत नाहीत. वन किंवा टू मधे पहिल्या वर्षी खेळायचं असेल तर त्यांचं एलिजिबिलिटी सेंटर आहे, ते पोराचे हायस्कूलचे मार्क तपासून सांगतं, हा पात्र की अपात्र. कॉलेजच्या कोचला पोरगं कितीही आवडलेलं असू दे, सेंटरनं नाही म्हटलं तर त्या कोचच्याही हातात काही राहत नाही.

आता हायस्कूल म्हणजे त्यांच्याकडं नववी ते बारावी, चार वर्षं, आठ सेमिस्टर. आपल्याकडं आठवी-नववी-दहावी हायस्कूल आणि मग पीयू वेगळ्या कॉलेजात, त्यामुळं आपल्या डोक्यात नववीला काही किंमतच नसते, एसएसएलसी म्हणजे दहावी बोर्डाची परीक्षा तीच खरी, नववी म्हणजे नुसती पास व्हायची. त्यांच्या हिशोबात मात्र नववीत पाऊल ठेवलं की घड्याळ चालू. पोरगं एक वर्ष नापास झालं, गुडघ्याच्या दुखापतीनं घरी बसलं, दहावीनंतर ड्रॉप घेतला, घड्याळ थांबत नाही.

आणि इथंच प्रेप स्कूलवाले गोड बोलून गंडवतात. त्यांची ऑफर बहुतेक वेळा पोस्ट ग्रॅज्युएट वर्षाची असते. नावाला घाबरू नका, एमए-एमकॉम नव्हे ते, बारावी झाल्यावर एक जादा वर्ष हायस्कूलमधेच, पोरगं अजून वाढावं, चार कॉलेज कोचच्या नजरेत यावं म्हणून. खेळासाठी ते वर्ष चांगलंच आहे. पण अभ्यासाच्या पात्रतेसाठी डिव्हिजन वनचा नियम असा की वेळेत बारावी पास झाल्यावर पुढच्या एका वर्षात फक्त एक कोअर कोर्स, म्हणजे पात्रतेत धरला जाणारा मुख्य विषय, जादा धरला जाईल. एकच! तिथं त्यानं सहा विषय घेऊ देत, सहाही मधे ए ग्रेड आणू दे, हिशोबात एक. कोणी म्हणतंय की रिक्लास करू, म्हणजे परत अकरावीला बसवू, तरी घड्याळ तेच, नववीपासूनचं.

हा नियम उगीच नाही आला. २००५ साली मायामीत युनिव्हर्सिटी हायस्कूल नावाची एक शाळा होती, शाळा म्हणजे नावालाच, पत्रद्वारे कोर्स, ना वर्ग ना शिक्षक म्हणावे असे, आणि तिथून काही आठवड्यांत मार्क वाढवून खेळाडू कॉलेजात जात होते. न्यूयॉर्क टाइम्सनं ते बाहेर काढलं आणि वर्ष संपायच्या आत शाळा बंद. त्यानंतर एनसीएएनं प्रेप स्कूलांच्या मागं भिंग घेऊन लागायला सुरुवात केली आणि २००७ मधे ही एका कोर्सची मर्यादा आणली. म्हणजे शेवटच्या वर्षात मार्क धुवून काढायची सोय बंद.

सोळा विषयांचा हिशोब, एका कागदावर

हे मात्र नीट बसून करा, अर्धा तास लागतो, कॅल्क्युलेटर पण लागत नाही.

डिव्हिजन वनला सोळा कोअर कोर्स लागतात. एक विषय एक वर्ष शिकला की एक कोर्स. इंग्रजी चार, गणित तीन, सायन्स दोन, मग इंग्रजी-गणित-सायन्स यातलाच अजून कुठलाही एक, सोशल सायन्स दोन, आणि उरलेले चार यातलेच कुठलेही किंवा दुसरी भाषा वगैरे. या सोळामधे जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, कमीत कमी २.३ पाहिजे, चार पैकी. डिव्हिजन टूला पण सोळाच, पण वाटणी सैल आहे, इंग्रजी तीन, गणित दोन, सायन्स दोन, या तिघांतले जादा तीन, सोशल दोन, बाकी चार, आणि जीपीए २.२. पूर्वी सॅट-एसीटी या प्रवेश परीक्षांचे मार्क पण लागायचे, एनसीएएनं ती अट जानेवारी २०२३ मधे काढून टाकली, पण कॉलेज स्वतः मागू शकतं ते वेगळं.

आता आमच्या पोराचं बघा. मेसेज आला तेव्हा त्यानं नुकतंच पीयू फर्स्ट इयरला हेबा घेतलेलं. हिस्टरी, इकॉनॉमिक्स, बिझनेस स्टडीज, अकाउंटन्सी. का घेतलं? कारण प्रॅक्टिसला वेळ मिळतो आणि गणित नाही, एवढंच कारण, सगळी खेळाडू पोरं तेच करतात, सर लोक पण तेच सांगतात.

दाजींच्या घरी जेवणाच्या टेबलावर वहीचं पान फाडून मी लिहायला घेतलं. इंग्रजी, नववी दहावी आणि पीयूची दोन, चार. बरं. गणित, नववी दहावी, दोन. सायन्स, नववी दहावी, दोन. सोशल, नववी दहावी दोन आणि पुढं हिस्टरी इकॉनॉमिक्स आहेतच, भरपूर. भाषा आहेत. बिझनेस आणि अकाउंटन्सी कोअरमधे धरत नाहीत, त्या दोनावर रेघ मारली. एकूण आकडा सोळाच्या वर जातोय म्हणून भाचा खूश झाला, झालं की मामा! पण थांब म्हटलं. इंग्रजी-गणित-सायन्स मिळून दहा पाहिजेत, चार अधिक तीन अधिक दोन अधिक एक. तुझे किती? चार, दोन, दोन. आठ. दोन कमी. आणि जादा वर्षात भरून मिळणार एक.

आक्का ताट घेऊन तशीच उभी. म्हणजे तिकडं जाऊन वर्षभर राहून, विमानाचे पैसे, व्हिसाचे पैसे, सगळं करून पोरगं डिव्हिजन वनला जाऊच शकलं नसतं, पहिल्या दिवसापासून, आणि तो कोच मात्र रोज रात्री त्याला नेक्स्ट लेव्हल नेक्स्ट लेव्हल करून मेसेज टाकत होता. मी त्याला विचारलं सुद्धा, इंग्रजीत नीट लिहून, की याचे ई-एम-एस, म्हणजे इंग्रजी-मॅथ्स-सायन्सचे, कोर्स आठ होताहेत, दोन कुठून आणणार? उत्तर आलं, डोन्ट वरी, वुई हँडल इट. त्या उत्तरालाच माझी खात्री झाली.

जून महिनाच चालू होता म्हणून वाचलो. कॉलेजात कॉम्बिनेशन बदलून सेबा घेतलं, एचच्या जागी एस, म्हणजे हिस्टरी जाऊन स्टॅटिस्टिक्स. अमेरिकन शाळांच्या मान्य यादीत स्टॅटिस्टिक्स गणिताखाली असतं, ते दोन वर्षं धरलं की आठाचे दहा होतात. अगदी काठावर. अंतिम हिशोब सेंटरच करतं, आपण कागदावर कितीही जुळवलं तरी, म्हणून मी अजून पण देवाला हात जोडूनच आहे, पण निदान गणित जुळतं तरी. पीसीएमबी, पीसीएमसी या सायन्सच्या कॉम्बिनेशनवाल्या पोरांना ही अडचणच नाही, त्यांचं गणित-सायन्स भरभरून असतं, त्यांनी फक्त जीपीए सांभाळायचा. त्यामुळं तुमचं पोरगं आत्ता दहावीत असेल आणि उंची दिसायली असेल, तर कॉम्बिनेशन निवडताना एवढं एक ध्यानात ठेवा. कॉमर्स घ्या, काही बिघडत नाही, पण गणित किंवा स्टॅट सोडू नका.

जीपीए स्वतः काढायच्या भानगडीत पडू नका. टक्क्याला पंचवीसनं भागून २.८ आला म्हणून नाचणारे मी बघितलेत. प्रत्येक देशाचं वेगळं कोष्टक त्यांच्याकडं असतं, एसएसएलसीला ६२५ पैकी एकूण किती पडले ते ते बघतच नाहीत, कोअर विषयांचे मार्क वेगवेगळे घेऊन बदलतात. पीईचे, कॉम्प्युटर लॅबचे, त्यात नाहीत.

अजून एक आहे ते तिकडं जाऊन अकरावी-बारावी करणाऱ्यांसाठी. सोळापैकी दहा कोर्स बारावीचं वर्ष चालू व्हायच्या आधी पूर्ण पाहिजेत, आणि त्या दहात सात इंग्रजी-गणित-सायन्सचे. ते दहा तिथंच लॉक होतात, नंतर परत बसून मार्क सुधारले तरी डिव्हिजन वनला चालत नाही. म्हणजे दहावी झाल्या झाल्या जाणाऱ्यानं पहिल्याच वर्षी खेळाच्या नादात गणितात डी आणला तर तो डी गळ्यात कायमचा.

डिव्हिजन टू मधे हे इतकं कडक नाही, बारावीनंतर कॉलेजात फुल टाइम जाईपर्यंत कमी पडलेले कोर्स भरता येतात. म्हणजे त्या हेबावाल्या पोराला जादा वर्षाचा खरा उपयोग झालाच असता तर टू साठी. पण हे कुठला कोच सांगतोय? टू म्हटलं की पोरांची तोंडं पडतात, जसं काय वनवाले विमानातून आणि टूवाले केएसआरटीसीच्या बसमधून जाणार आहेत.

शाळा शाळाच आहे का, हे बघायचं कसं

अमेरिकेत प्रेप स्कूल म्हणजे एकच जात नव्हे. एका बाजूला शंभर-दीडशे वर्षांच्या बोर्डिंग शाळा, न्यू इंग्लंडमधे भरपूर, बास्केटबॉल त्यातला एक भाग. मग फ्लोरिडातली आयएमजी अकॅडमी, माँटव्हर्ड अकॅडमी असल्या मोठ्या, खेळासाठी नावाजलेल्या पण शाळा म्हणून उभ्या असलेल्या. आणि तिसरी जात, जिचे मेसेज आपल्या पोरांना येतात, म्हणजे एक भाड्याचं घर, बारा-पंधरा पोरं, एक जिम तासावर घेतलेलं, आणि क्लास ऑनलाइन कुठल्यातरी कंपनीचे. वेबसाइटवर मात्र गरुडाचा नाहीतर लांडग्याचा लोगो, अकॅडमी नाव, आणि ड्रोनमधून काढलेला व्हिडिओ. सगळीच खोटी असतात असं नाही म्हणत मी, काही प्रामाणिक पण आहेत, पण तपासल्याशिवाय कळत नाही.

तपासायचं असं. एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरच्या साइटवर हायस्कूल पोर्टल आहे, सगळ्यांना उघडं, लॉगिन लागत नाही. तिथं शाळेचं नाव किंवा सहा आकडी कोड टाकून शोधायचं. कोड नसेल तर शाळेला मागा, देत नसतील तर तिथंच पुस्तक मिटा. शाळा सापडली की तिचं स्टेटस दिसतं. क्लिअर्ड असेल तर बरं. एक्स्टेंडेड इव्हॅल्युएशन असेल तर याचा अर्थ सेंटरला त्या शाळेबद्दल शंका आहे, तुमच्या पोराला वह्या, टेस्ट पेपर, असाइनमेंट, जादा पुरावे द्यायला लागतील, म्हणजे पहिल्या दिवसापासून सगळं जपून ठेवायचं. नॉट क्लिअर्ड असेल तर तिथले कोर्स धरतच नाहीत, विषय संपला.

स्टेटस बघून थांबू नका, खाली कोर्सची यादी असते ती पण वाचा. मान्य कोर्सचं नाव ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या मार्कपत्रकावर, जसंच्या तसं पाहिजे. ऑनलाइन क्लास असतील तर अजून जपून, शिक्षकाचा आणि पोराचा सतत संबंध पाहिजे, कोर्सला ठरलेला कालावधी पाहिजे, पोरगं आपलं आपण क्लिक करत दोन आठवड्यांत वर्षाचं गणित संपवतंय असला कोर्स चालत नाही. २०१० मधे तर ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीसारख्या मोठ्या नावाच्या संस्थेचे घरबसल्या करायचे कोर्स घ्यायचं सुद्धा एनसीएएनं बंद केलं, तिथं भाड्याच्या घरातल्या अकॅडमीचं काय घेऊन बसलात.

आणि अ‍ॅक्रेडिटेड आहोत म्हणून सर्टिफिकेटचा फोटो पाठवला तर त्यावर भाळू नका. अ‍ॅक्रेडिटेशन वेगळं, एनसीएए मान्यता वेगळी, आणि परदेशी पोरं घ्यायची सरकारी परवानगी अजून वेगळी. तीन वेगळे दरवाजे, एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही.

फोन करा शाळेला, पण कोचला नको, ऑफिसला. कौन्सिलर म्हणून एक माणूस असतो प्रत्येक खऱ्या शाळेत, पोरांच्या कोर्सचं तोच बघतो. उन्हाळ्यात आपल्याकडं रात्री साडेआठ म्हणजे न्यूयॉर्क-फ्लोरिडाकडं सकाळचे अकरा, बरोब्बर ऑफिस चालू असतं. आमच्या वेळेला मी तीनदा लावला. दोनदा कोणी उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला तो कोचनंच. शाळेचा नंबर, कौन्सिलरचा नंबर, कोचचा मोबाइल, सगळं एकच.

फुल स्कॉलरशिपचा आकडा आय-२० वर शोधा

व्हिसा एफ-१ लागतो, आणि त्यासाठी शाळेकडून आय-२० नावाचा फॉर्म. हा फॉर्म फक्त सरकारनं मान्य केलेली शाळाच देऊ शकते, ती यादी अमेरिकन सरकारच्या स्टडी इन द स्टेट्स साइटवर आहे, तिथं शाळा शोधा. नीट बघा, आय-२० ज्या शाळेचा तिथंच पोरगं शिकलं पाहिजे. नाव एका शाळेचं, खेळायचं दुसऱ्या अकॅडमीत, राहायचं तिसरीकडं, असं असलं की पळा. २०१८ साली शार्लटमधल्या एका खाजगी शाळेच्या मुख्याध्यापिकेवर केंद्र सरकारनं याच कारणावरून खटला भरला होता, कागदावर तिच्या शाळेत असलेली सुमारे ७५ परदेशी पोरं, बरेच खेळाडू, प्रत्यक्षात दुसरीकडंच. शिक्षा तिला झाली, पण व्हिसाचे हाल पोरांचे.

आय-२० च्या पहिल्या पानावर खाली दोन चौकटी असतात शेजारी शेजारी. डावीकडं खर्च किती येणार, उजवीकडं पैसे कोण देणार. फुल स्कॉलरशिप असेल तर उजवीकडं शाळेच्या नावापुढं तो आकडा दिसला पाहिजे. आम्हाला कोचनं आधी ड्राफ्ट म्हणून एक पान पाठवलेलं त्यात खर्च होता ३१,००० डॉलर, शाळा देणार ९,०००, आणि फॅमिली फंड्स २२,०००. दाजींनी चष्मा पुसून परत वाचलं. तोंडी फुल, कागदावर बावीस हजार डॉलर आपले. विचारलं तर म्हणे ते फक्त फॉर्मॅलिटी आहे. बँकेत असल्यामुळं मला फॉर्मॅलिटी या शब्दाची फार ओळख आहे, कर्जाच्या जामीनदाराला पण आम्ही तेच सांगतो.

सेविस फी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, ३५० डॉलर वेगळी, व्हिसाची फी वेगळी, मुंबई नाहीतर चेन्नईला इंटरव्ह्यूला जाणं वेगळं. आणि इन्शुरन्स, तो कोणी सांगत नाही, तो विचारा.

इकडचे कागद, हे सगळ्यात किचकट

सेंटरला नववीपासून पुढचे प्रत्येक वर्षाचे मार्क लागतात, आणि बारावी पास झाल्याचा पुरावा. मूळ भाषेत, आणि इंग्रजीत नसेल तर ओळीला ओळ भाषांतर. एसएसएलसी आणि पीयू सेकंडचं मार्क्स कार्ड बोर्डाचं, त्यावर इंग्रजी असतं, ते सोपं. मार खातो आपण नववी आणि पीयू फर्स्टला, कारण ते शाळेच्या हातातलं.

भाच्याची शाळा मराठी मीडियम, खानापूर बाजूची. नववीचं प्रगतीपत्रक घरी होतं ते आक्कानं पेपरच्या रद्दीबरोबर घातलेलं. शाळेत गेलो. क्लार्क कन्नड, नवीन बदली होऊन आलेले, मला बघून म्हणाले नववी रेकॉर्ड इल्ला सर, टेंथ मार्क्स कार्ड साकू, म्हणजे नववीचं नाही, दहावीचं पुरे. म्हटलं साकू नाही सर, अमेरिका बेकू, पाहिजेच. हसले, आणि मग खरंच उठून कपाट उघडलं, ते बरं झालं. निकालाचं मोठं रजिस्टर निघालं, लाल कापडाच्या पाठीचं, त्यात एफए एक दोन तीन चार आणि एसएच्या रकान्यात निळ्या पेनानं मार्क, विषयांची नावं मराठीत, हेडमास्तरांचा शिक्का कन्नडमधे, आणि पोराचं नाव तिसऱ्याच पद्धतीनं.

नावाचं सांगतो आता. आपल्या सीमाभागात हा रोगच आहे. शाळेत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. बोर्डाच्या कार्डावर नाव आणि पुढं दोन इनिशियल. आधारवर गावाचं नाव घुसलेलं. पासपोर्टवर सरनेमचा रकाना वेगळा. अमेरिकेतल्या कॉम्प्युटरला ही चार वेगळी माणसं वाटतात. पासपोर्ट काढतानाच एसएसएलसी कार्डाशी जुळवून घ्या, ते जमत नसेल तर एकाच माणसाची ही सगळी नावं आहेत असं अ‍ॅफिडेव्हिट नोटरीकडून करून प्रत्येक कागदाबरोबर जोडा. आम्ही बेळगाव कोर्टासमोर केलं, स्टॅम्प पेपर धरून फार पैसे लागले नाहीत.

शाळेकडून लेटरहेडवर इंग्रजीत नववीचं मार्कांचं पत्रक टाइप करून घेतलं, विषयवार, कमाल मार्क आणि मिळालेले मार्क, वर्ष, मीडियम, शिक्का, सही. आणि त्या रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स मुख्याध्यापकांच्या सहीनं. टाइप मीच करून नेलं, पेन ड्राइव्हमधे, त्यांना फक्त शिक्का मारायचा ठेवला, नाहीतर आज या उद्या या चालू झालं असतं. जाताना कुंद्याचा अर्धा किलोचा बॉक्स नेला होता, लाच नव्हे, तीन हेलपाटे घातल्यावर माणुसकी म्हणून.

पीयू फर्स्टचं पण तसंच, निकाल लागला त्याच आठवड्यात घेऊन टाका. कॉलेज बदललं असेल तर दोन्ही ठिकाणचं.

मग एलिजिबिलिटी सेंटरवर खातं उघडायचं, एनसीएए आयडी मिळतो, कॉलेजचे कोच तोच मागतात. खातं उघडलं म्हणजे निकाल आला असं नाही, डिव्हिजन वन किंवा टू चं एखादं कॉलेज तुमच्या पोराला त्यांच्या यादीत घालतं तेव्हाच सेंटर शेवटचा निर्णय देतं. म्हणून कोणी प्रेपवाला म्हणाला की याला आत्ताच एनसीएए अप्रूव्ह करून देतो, तर समजून घ्या.

पैसे आणि एजंट, थोडक्यात

स्कॉलरशिप मिळाली की तिच्यातले दहा टक्के द्या, असला कागद कोणी पुढं केला तर सही करू नका. पैशापुरतीच गोष्ट नाही ती, पोरगं कॉलेजात लावून देण्यावर टक्का घेणारा माणूस एनसीएएच्या नजरेत एजंट ठरतो आणि पात्रता तिथंच धोक्यात. ठरलेली फी घेऊन व्हिडिओ पाठवणाऱ्या सर्व्हिस चालतात, टक्केवारी नाही. गावोगावच्या टूर्नामेंटची बक्षिसं, कुठल्या क्लबनं महिना दिला असेल ते, सगळं लिहून ठेवा, विचारलं तर खरं सांगायचं. आणि तिकडं कॉलेजची पोरं आता जाहिरातीतून पैसे कमावतात ते बघून आपल्यांनी हुरळू नये, एफ-१ व्हिसावर कामाची बंधनं असतात.

कोण कुठून गेलं

पंजाबचा सतनाम सिंग २०१० मधे चौदाव्या वर्षी आयएमजी अकॅडमीत गेला, सात फुटांच्या वर उंची, इंग्रजी जवळपास येत नव्हतं. २०१५ ला एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगच्या डॅलस मॅव्हरिक्सनं त्याला ड्राफ्टमधे, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, ५२ व्या नंबरवर घेतलं, भारतात जन्मलेला पहिलाच. सगळ्यांना एवढंच माहीत असतं. पण तो कॉलेजात न खेळता थेट ड्राफ्टला का गेला, तर कॉलेजसाठी लागणारी अभ्यासाची पात्रता जुळत नव्हती, पाच वर्षं तिथल्या चांगल्या शाळेत काढून सुद्धा. सात फूट दोन इंचवाल्याला दुसरं दार उघडलं, आपल्या सहा फूट चारवाल्याला कोण उघडणार? दुसरीकडं आपल्या कर्नाटकातली बेंगळुरूची संजना रमेश, नॉर्दर्न अ‍ॅरिझोना युनिव्हर्सिटीत डिव्हिजन वन खेळली, स्कॉलरशिपवर. पोरींच्या आईवडिलांनी पण हे सगळं वाचावं म्हणून सांगतोय, आपल्याकडं फोन येतात ते सगळे पोरांचेच.

माझं मत विचाराल तर, पीयू इथंच गणित-स्टॅट घेऊन नीट करा, मॅचचे पूर्ण व्हिडिओ काढून ठेवा, नुसत्या डंकच्या रील नको, आणि थेट कॉलेजांना लिहा. डिव्हिजन टू, एनएआयए म्हणून वेगळी संघटना आहे तिची कॉलेजं, दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं, या सगळ्यांत स्कॉलरशिप असते आणि दरवाजे जरा रुंद असतात. जायचंच असेल प्रेपला तर नववी-दहावीत जा, म्हणजे घड्याळात वेळ असतो, आणि खऱ्या शाळेत जा. बारावीनंतरचं वर्ष विकत घ्यायला जमीन गहाण टाकू नका. दाजी टाकायला निघाले होते, सातबारा नव्हे आपल्याकडं आरटीसी, तो काढून पण आणलेला.

निपाणीच्या त्या पोराचं कॉम्बिनेशन विचारलं मी फोनवर. वडिलांना माहीत नव्हतं, पोराला हाक मारली. हेबा. सेकंड इयर, डिसेंबर महिना. कागद घे म्हटलं, आणि लिहायला लाग, इंग्रजी चार.